खोबरेल थिजतं तिथून पुढे

मुंबईत थंडी पडली की नाही, हे हवामान खात्याच्या आधी मोरीच्या फळीवरच्या खोबरेलाच्या बाटलीला कळतं. पारा २४ अंशांच्या खाली रेंगाळायला लागला की तेल आधी धूसर होतं, मग पांढरं, आणि मग बाटली उलटी धरली तरी हलत नाही. घरातलं कुणीतरी ती खिडकीतल्या उन्हात नेऊन ठेवतं. आजोबा कपाटातून माकडटोपी काढतात. परळला तिबेटी स्वेटरवाले बसले का, याची चौकशी होते. आठ-दहा दिवसांत सगळं आटोपतं आणि पंखा पुन्हा पाचावर जातो. सांताक्रूझच्या वेधशाळेचा नीचांक ७.४ अंशांचा, २२ जानेवारी १९६२ चा. त्याच दिवशी कुलाब्याला ११.७. शिकागोच्या माणसाला ही एप्रिलमधली बरी सकाळ वाटेल.

अशा गावातून माणसं उठतात आणि टोरोंटो, शिकागो, मिनियापोलिसला जाऊन संसार मांडतात. अमेरिकेने १९६५ साली आणि कॅनडाने १९६७ साली स्थलांतराचे नियम बदलले. त्यानंतर गिरगाव-दादरच्या चाळींतून शिकलेली मुलं ठरावीक अंतराने विमानतळावर हार घालून निरोप घेऊ लागली. त्यांची तिकडे इतकी मंडळं झाली, की १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ ही शिखर संस्था उभी राहिली. लालबागच्या चाळीत वाढलेली माझी मावसबहीण पुष्कळ नंतरच्या लाटेतली. ती टोरोंटोजवळ राहते. एक हिवाळा मी तिच्याकडे काढला. जाताना डोक्यात एकच प्रश्न होता : थंडी सोसायची कशी? परत येताना लक्षात आलं की थंडी हा अर्धाच विषय आहे. खरा कारभार हवा आणि पाणी यांचा. कुठे हवा कोंडायची, कुठून पाणी हाकलायचं आणि कुठे मुद्दाम आणायचं, हे कळलं की उणे पंधरा अंशांतही माणूस भाजी आणायला जातो. आणि पाण्याशी झटणं मुंबईकराला नवीन नाही.

आधी शब्दाची अडचण. आपल्याला ‘बर्फ’ हा एकच शब्द. तो म्हणजे ससून डॉकवर मासळीत फोडून टाकतात ती लादी, नाहीतर गिरगाव चौपाटीवर किसून काडीवर थापलेला गोळा. आकाशातून पडतो त्याला पुस्तकात ‘हिम’ म्हणतात, पण टोरोंटोतला मराठी माणूस काही ‘आज हिमवृष्टी झाली’ असं म्हणत नाही. तो ‘स्नो पडला’ म्हणतो आणि ‘आईस’ वेगळा ठेवतो. त्याला तसं करावंच लागतं, कारण स्नोमध्ये पाय रुततो आणि आईसवरून सटकतो. लादी म्हणजे घट्ट पाणी. ताजा स्नो म्हणजे बहुतांश हवा. साधारण १० सेंटिमीटर ताजा स्नो वितळला तर १ सेंटिमीटर पाणी निघतं. याच हिशेबाने २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस स्नो होऊन पडला असता, तर थर नऊ मीटरांच्या वर गेला असता आणि दादरची दुमजली चाळ कौलांपर्यंत गडप झाली असती. स्नोच्या पोकळ्यांत आवाजही अडकतो. रात्री भरपूर स्नो पडून गेला की पहाटे गल्ली कापसाने कान भरल्यासारखी गप्प होते. लालबागच्या माणसाला पहिली भीती वाटते ती या शांततेची.

गंमत म्हणजे, मुंबईकर अमेरिकेच्या बर्फाकडे जाण्याआधी अमेरिकेचा बर्फ मुंबईत येऊन गेला होता. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तिथल्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेल्या लाद्या कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, १८३३ साली जहाजाने कलकत्त्याला धाडल्या. पुढच्याच वर्षी तो बर्फ मुंबईत पोचला. जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं, यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली आणि ‘मुंबई समाचार’ने ‘बरी खोड मोडली’ अशा अर्थाचं लिहिलं, असा किस्सा जुन्या मुंबईच्या आठवणींत सांगतात. सर्दी आइस्क्रीमने होत नाही, विषाणूने होते. पण चार महिने समुद्रात, विषुववृत्त ओलांडूनही लाद्या टिकल्या त्या भुशात कोंडलेल्या हवेमुळे. हीच हवा आता अंगावर चढवायची आहे.

कपड्यांच्या बाबतीत गिरणगावच्या माणसाचं सगळं शिक्षण उलटं पडतं. परळ-लालबाग सूतगिरण्यांवर वाढलं. अंगाला सुती हवं, घाम टिपला पाहिजे, हे आपल्या रक्तात आहे. मुंबईत ते बरोबरच. घाम टिपून तो हळूहळू उडवणारा सुती सदरा म्हणजे अंगावरचा पंखा. पण नेमका हाच गुण बर्फात जिवावर उठतो. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. पाण्यातून ती हवेच्या वीस-पंचवीस पटीने वेगात निघून जाते. भराभर चालून घाम आला, आतलं सुती बनियन ओलं झालं आणि बसथांब्यावर दहा मिनिटं उभं राहावं लागलं, तर वर कितीही महागाचा कोट असो, छातीला ओलं फडकं बांधल्यासारखं होतं. म्हणून अंगालगतचा थर लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. तिच्यावर हवा कोंडणारा जाडसर, भुसभुशीत थर, आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं कवच. तिन्हींमध्ये जादू कापडाची कमी आणि मधल्या हवेची जास्त. म्हणूनच ‘घट्ट बसतो, म्हणजे ऊब देईल’ हा समज चुकीचा. घट्ट बुटात दोन जोड मोजे कोंबले की हवाही जाते आणि रक्तही नीट फिरत नाही. पाय गारठतात ते त्यामुळे.

हे सगळं आपल्या आज्यांना ठाऊक होतं. गोधडी म्हणजे दुसरं काय? जुन्या नऊवारी लुगड्यांचे थर एकावर एक घालून, धावदोऱ्याने बोटबोट अंतरावर शिवून टाकायचे. थरांमध्ये हवा राहते, टाके तिला हलू देत नाहीत. आजच्या पिसांच्या जाकिटावर जे आडवे फुगीर पट्टे दिसतात तेही टाकेच, पिसं खाली घसरून हवेचा थर मोडू नये म्हणून घातलेले. बहिणीच्या घरी सोफ्यावर आजीची गोधडी होती. तिकडच्या शेजारणी तिला शोभेची वस्तू समजायच्या. वीज गेली त्या रात्री तिची खरी ओळख पटली.

कपड्यांचा विषय निघाला की आनंदीबाई जोशींची आठवण टाळता येत नाही. जन्म १८६५ चा. लग्नानंतर काही काळ मुंबईतही राहिल्या, मिशनच्या शाळेत शिकल्या. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरचा उन्हाळा सुखाचा गेला. शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि मग थंडी आली. कासोटा घातलेल्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. देशावर तीच सोय, तिथे तीच गैरसोय. म्हणून त्यांनी पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसायला घेतली. वेश सोडायचा नाही हा निश्चय आणि मरायचं नाही ही गरज, यांतून काढलेला हा मार्ग मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त बोलका वाटतो. खोलीतली शेकोटी मात्र धड पेटत नसे. धूर सोसा नाहीतर गारठा, अशी स्थिती होती. ११ मार्च १८८६ ला त्या पदवीधर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसाव्या वाढदिवसाला महिना उरला असताना, पुण्यात क्षयाने गेल्या. क्षय थंडीने होत नाही. पण तीन हिवाळ्यांचा गारठा, धूर आणि न मानवणारं अन्न यांनी शरीर आधीच पोखरून ठेवलं होतं. आज मावसबहिणीच्या घरात भिंतीवरची एक चकती फिरवली की तळघरातली भट्टी २१ अंश राखते. आनंदीबाईंच्या आणि तिच्या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा फरक मला त्या चकतीत दिसला.

खरेदीबद्दल थोडक्यात. आतले थर्मल, लोकरी मोजे इथून घेतले तर चालतात. मोठा कोट आणि बूट मात्र तिकडेच घ्यावेत. आपल्या दुकानांतला माल मनालीच्या पाच दिवसांच्या सहलीच्या बेताचा असतो, पाच महिन्यांच्या नव्हे. हातमोज्यांत सगळी बोटं एकत्र राहतात ते घ्यावेत, दिसायला बोजड असले तरी. बोटं एकमेकांना ऊब देतात. खोळीत झोपलेल्या भावंडांसारखी.

वाऱ्याचं गणित वेगळं. तिकडच्या बातम्यांत रोज दोन आकडे असतात : एक तापमान, दुसरा ‘वाटणारं’ तापमान. जानेवारीत पहाटेच्या कर्जत लोकलला दारात उभं राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कातडीला चिकटून गरम हवेचा एक पातळ पापुद्रा असतो. वारा तो सोलून नेतो. म्हणून उणे १० अंश वाऱ्यात उणे २० सारखे लागतात. हा दुसरा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघड्या कातडीला दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. नाकाचा शेंडा किंवा कानाची पाळी पांढरी पडून बधिर झाली की आपला हात आपोआप चोळायला जातो. आजी असती तर तेल घेऊन बसली असती. चोळायचं नाही. गोठलेल्या पेशी चोळण्याने फाटतात. कढत पाणीही नको, कारण बधिर कातडीला चटका कळत नाही. आत यावं, हाताची ऊब द्यावी किंवा कोमट पाण्यात धरावं, आणि रंग परतला नाही तर डॉक्टर गाठावा.

आता चालणं. शून्याच्या आसपासचा बर्फ सगळ्यात दगाबाज, कारण त्याच्यावर पाण्याची साय असते. कडक थंडीतला कोरडा बर्फ त्या मानाने सज्जन. दिवसा वितळलेलं पाणी रात्री डांबरावर पारदर्शक काचेसारखं गोठतं. ते दिसतच नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. तिकडे पोरांना शिकवतात, पेंग्विनसारखं चाला : पावलं छोटी, पाय सपाट टाकायचे, भार पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. (राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले पेंग्विन पाहून सराव करायला हरकत नाही. फक्त ते हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. बर्फाशी त्यांचाही फारसा परिचय नसतो.) मला तर मुंबईच्या पावसाळ्यातली शेवाळलेली मोरी आठवली. तिथे आपण नकळत असंच चालतो.

रस्त्यावर मीठ टाकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला गिरगावातल्या उन्हाळी सुट्टीचा वास आला. आइस्क्रीमचा पॉट! मधे दुधाचा डबा, भोवती फोडलेला बर्फ, त्यावर मूठ-मूठ खडेमीठ, आणि हँडल फिरवायला पोरांची रांग. मीठ पाण्यात विरघळलं की ते पाणी शून्याला गोठत नाही. त्याला आणखी थंड व्हावं लागतं. पॉटमध्ये त्यामुळे बर्फ वितळायला लागतो, वितळायला लागणारी उष्णता तो दुधातून ओढून घेतो आणि दूध गोठतं. टोरोंटोच्या रस्त्यावर तेच मीठ बर्फ वितळवतं, कारण तिथे दूध नाही, जमीन आहे. एकच क्रिया. आपण तिच्याकडून आइस्क्रीम मागत होतो, ते रस्ता मागतात. मर्यादाही पॉटचीच : साधं मीठ उणे २१ अंशांपर्यंतच काय ते काम करतं, व्यवहारात उणे दहाच्या पुढेच ढेपाळतं. मग कॅल्शियम क्लोराइड, नाहीतर नुसती वाळू. या मिठाने बुटांवर पांढरे डाग पडतात, गाड्यांचे पत्रे गंजतात आणि लादीवर पांढरी पावलं उमटतात. म्हणून कॅनडात सगळेच जण बूट दाराशी काढतात. मराठी माणसाला आपलं घर वाटायला एवढं पुरतं.

मोटारीबद्दल एकच सांगतो, कारण ते जिवाचं आहे. गाडी बर्फात रुतली असताना इंजिन चालू ठेवून बसायचं असेल तर आधी उतरून धुराडं मोकळं करावं. ते बर्फाने बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद गॅरेजमध्ये गाडी गरम करत ठेवणं किंवा वीज गेली म्हणून घरात कोळशाची शेगडी पेटवणं, हेही तसंच. चाळीच्या वाऱ्यावर शेगडी चालायची. तिकडची घरं डब्यासारखी बंद असतात.

बर्फ उपसणं हा मुंबईत ज्याची कल्पनाच येत नाही असा व्यायाम. गाडी उभी करायची जागा सहा मीटर रुंद आणि दहा लांब धरा. रात्रीत २० सेंटिमीटर पडला की झाले बारा घनमीटर. हलका, ताजा स्नो घनमीटरला १०० किलोच्या घरात, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास ओझं. ओला असेल तर दुप्पट. हे फावड्याने उचलून बाजूला टाकायचं, ते सकाळी सात वाजता, कामावर जाण्याआधी. माथाडी कामगारासारखी पाठीला सवय नसलेल्या पन्नाशीच्या बँक-अधिकाऱ्याने! थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, त्यात हातांनी जोर आणि श्वास रोखून उचलणं. हृदयावर ताण येण्याचं सगळं साहित्य जमून येतं. आपल्या भागातल्या माणसांत हृदयविकार तसाही लवकरच्या वयात दिसतो. म्हणून चाळिशी ओलांडलेल्याने उचलण्याऐवजी ढकलावं, थोडं थोडं करावं, छातीत भरल्यासारखं झालं की फावडं टाकून आत यावं. शेजारचा गोरा आजोबा न थांबता उपसतो, हे प्रमाण धरू नये.

शिकागोत उपसलेल्या जागेवर हक्क सांगायची एक पद्धत आहे. रस्त्याकडेची जागा घाम गाळून मोकळी केली की तिथे मोडकी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, असेल ते ठेवायचं आणि गाडी घेऊन जायचं. ती जागा त्याची. कायद्याने नाही, रिवाजाने. तिकडचे नवखे म्हणे यावर वाद घालतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्याला त्यात समजून घेण्यासारखं काय आहे?

घराच्या आत मात्र पाण्याचं नातं पार उलटतं. बाहेर ते शत्रू, आत ते आणावं लागतं. उणे १० अंशांच्या हवेत घनमीटरमागे फार तर सव्वादोन-अडीच ग्रॅम वाफ मावते. तीच हवा घरात येऊन २१ अंशांना तापली की तिची भूक अठरा ग्रॅमची होते. मिळालेले मात्र तेच अडीच. म्हणजे आर्द्रता तेरा-चौदा टक्के. मुंबईत साठ-सत्तर टक्क्यांत वाढलेली कातडी, नाक, ओठ यांना हे वाळवंट. आठवड्यात टाचा फुटतात, रात्री नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की चटकन ठिणगी बसते. वाफ सोडणारं यंत्र लावतात, ते चांगलंच. पण बहिणीने धुतलेले कपडे यंत्रात न वाळवता घरातच दोऱ्या बांधून वाळत घातले. बैठकीच्या खोलीत लालबागची चाळ उभी राहिली आणि नाकं बरी झाली. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल लावायचं, हा तिथला नियम आमच्या आजीचाही होता. तेल ओल देत नाही, असलेली ओल उडू देत नाही. फक्त खोबरेल तिथे हिवाळाभर दगड. ती ते तुपासारखं रुंद तोंडाच्या बरणीतच ठेवते आणि चमच्याने खरवडून घेते.

दह्याची कथाही तीच. मुंबईत विरजण लावलं की झोपायचं, दही आपोआप लागतं. जास्त झोपलं तर आंबट होतं, एवढंच. विरजणातल्या जिवाणूंना चाळीस अंशांच्या आसपास फावतं. एकवीस अंशांच्या ओट्यावर ते हातावर हात धरून बसतात. पहिल्या हिवाळ्यात बहिणीने सहा वेळा दूध वाया घालवलं, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे ती रडली ती थंडीने नाही, दह्याने. मग एका जुन्या मराठी बाईंनी सांगितलं : ओव्हन बंद ठेव, नुसता आतला दिवा लाव आणि भांडं आत ठेवून दे. तेवढ्या दिव्याच्या उबेवर दही लागतं, इडलीचं पीठ फुगतं. ही युक्ती तिकडच्या प्रत्येक भारतीय घरात कुणीतरी कुणाला तरी सांगितलेली असते.

आणि नळ. कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतच्या नळाची धार मुद्दाम बारीक चालू ठेवतात. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि अडकलेल्या पाण्याच्या दाबाने पाईप फुटतो. वाहतं ठेवलं तर दाब साठत नाही. ऐकायला सोपं. पण पहाटे चारला उठून पाणी भरलेल्या, ‘नळ गळतोय, बंद कर’ ऐकत मोठी झालेल्या बाईने चालू नळाकडे पाठ करून झोपायचं! मी होतो त्या रात्री ती दोनदा उठून स्वयंपाकघरात गेली. बंद करायला नव्हे, नुसती बघायला. खाली बादली मात्र लावून आली.

थंडीपेक्षा वाईट काय, असं विचारलं तर तिकडचे जुने लोक अंधार म्हणतात. डिसेंबरात मुंबईचा दिवस अकरा तासांचा असतो, टोरोंटोचा नऊ तासांहूनही कमी. सूर्य पावणेपाचच्या आधी मावळतो. नोकरदार माणूस अंधारात जातो, अंधारात येतो. जोहान्सबर्गच्या उन्हात वाढलेला नॉर्मन रोझेन्थाल हा मानसोपचारतज्ज्ञ १९७६ साली न्यूयॉर्कला आला. हिवाळ्यात आपलं काम मंदावतं, मन बसतं आणि वसंतात आपोआप सावरतं, हे त्याने स्वतःवरच टिपलं. १९८४ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी या ऋतुबद्ध नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. परक्या हिवाळ्याने स्थलांतरिताला जे केलं, ते स्थलांतरितानेच नाव देऊन मांडलं, हे मला विशेष वाटतं. उपचार म्हणून सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसतात. आपल्या बैठकीच्या खोलीतला उजेड शे-दोनशे लक्स असतो. दिवा घेण्याआधी डॉक्टरला विचारावं, हे खरं. पण ‘घरची आठवण येत असेल’ म्हणून गप्प बसणं त्याहून वाईट.

ड जीवनसत्त्वाचंही तसंच. बॉस्टनमध्ये झालेल्या आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथल्या उन्हात कातडीला हे जीवनसत्त्व तयारच करता येत नाही. सूर्य इतका तिरपा असतो की लागणारे किरण वातावरणातच अडतात. टोरोंटो बॉस्टनच्याही उत्तरेला. त्यात सावळ्या कातडीला एरवीही जास्त ऊन लागतं. तेव्हा गच्चीत बसून भागणार नाही. तपासणी करून गोळी घ्यावी. मुंबईत ऊन असून आपण सावली शोधतो, हा भाग निराळा.

या काळोखाच्या ऐन मध्यावर तिकडे संक्रांत येते. हळदीकुंकू शनिवारी एखाद्या शाळेच्या सभागृहात असतं, बाहेर उणे बारा. बायका पैठणी खोचून, खाली लोकरी पायजमा आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, वर अस्वलासारखा कोट चढवून उतरतात. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत कोल्हापुरी. आतल्या बाकांवर रांगेने बसून बूट उतरवायचे, चपला चढवायच्या, निऱ्या झटकायच्या, आणि मगच अत्तर-गुलाब. कोपऱ्यात पन्नास जोड बुटांखाली वितळलेल्या स्नोचं तळं साचतं आणि कुणीतरी पोरगं मोजे ओले करून रडतं. तीळ, गूळ, बाजरी, तूप हे सणाचे पदार्थ अंगात ऊब राखायला कसे बरोबर आहेत, ते दादरच्या बावीस अंशांत नुसतं ऐकायचं असतं. तिथे गुळाची पोळी खाऊन बाहेर पडलं की पटतं.

शरीरही हळूहळू शिकतं. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत कुडकुडणं कमी होतं. मानेभोवती, गळपट्टीच्या हाडांच्या वर तपकिरी चरबी नावाचा एक ऊतक असतो. तो न कुडकुडता चरबी जाळून उष्णता देतो. मोठ्या माणसांत तो कामाचा असतो हे २००९ साली पक्कं झालं, आणि रोज काही तास गारव्यात घालवले की तो जास्त काम करतो असं त्यानंतरच्या प्रयोगांत दिसलं. बाहेर पडत राहणाऱ्यालाच त्याचा उपयोग. घर ते गाडी ते कचेरी असा डब्यातून डब्यात प्रवास करणारा पाचव्या हिवाळ्यातही नवखाच राहतो.

मावसबहीण दोन वर्षांनी डिसेंबरात दादरला आली. पहिल्याच पहाटे साडेसहाला, वेळेच्या घोळामुळे झोप नाही म्हणून, आम्ही शिवाजी पार्कला गेलो. तापमान असेल अठरा-एकोणीस. कट्ट्यावर माकडटोप्या, मफलर, एका गृहस्थाने तर कानात कापूस घातलेला. ती अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात. आधी हसली, मग दोन फेऱ्या मारून घामाघूम झाली. त्या आठवड्यात ती रोज रात्री पंखा पाचावर लावायची आणि माझी आई चादर डोक्यावरून ओढायची.

नवव्या की दहाव्या रात्री मला अंधारातून तिचा आवाज आला, “पंखा जरा दोनावर कर ना.”